सौसरकडे वावर घेताय? या चुका टाळा

दिवाळी झाली की माझा फोन वाजायला लागतो. कळमेश्वर, हिंगणा, काटोल, कुठला तरी कास्तकार असतो. "भाऊ, इथलं अडीच एकर विकलं तर तिकडं सात-आठ एकर येते म्हणतात. जागा पाहून ठेवली. इसार देऊन टाकू का?" माझं उत्तर दरवेळी एकच असतं: आज नको. आणि दरवेळी पुढच्या दोन-तीन प्रश्नांत कळतं की यांनी पाहिलेलं काहीच नाही, फक्त भाव ऐकला आहे.

मी स्वतः 2017 साली नागपूरजवळचं वावर विकून मध्य प्रदेशातल्या सौसरच्या बाजूला गेलो. पस्तावलो नाही. पण माझ्यानंतर गेलेल्या किती तरी लोकांना त्याच त्या खड्ड्यांत पडताना पाहिलं, म्हणून हे लिहितो.

मूळ गडबड अशी की सौसर-पांढुर्ण्यात मराठी ऐकू येते, पोळा आपल्यासारखाच होतो, जामसावळीला आपण दर्शनाला जातच असतो. त्यामुळे माणूस समजतो, आपलाच मुलूख आहे. होताच. 1956 पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. पण त्यानंतरचे कायदे वेगळे झाले, दप्तर वेगळं झालं. तिथे सातबारा मिळत नाही. तिथे खसरा आहे, बी-1 खतौनी आहे, ऋण पुस्तिका आहे. फेरफाराला नामांतरण म्हणतात, मोजणीला सीमांकन, पीक पाहणीला गिरदावरी. त्यात 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात गेलं, म्हणून जुन्या कागदांवर जिल्हा छिंदवाडा दिसेल. त्यानं घाबरू नका. घाबरण्यासारखं दुसरीकडे आहे.

नकाशात नसलेलं वावर घेणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते, कारण ती माझ्या साळ्यानं केली आणि तेव्हा मी तिथे असूनही त्याला थांबवू शकलो नाही.

तीन भावांची सामायिक जमीन होती. वाटण्या होऊन खसऱ्याला बटे पडलेले, म्हणजे 112/1, 112/2, 112/3 असे. मधल्या भावानं आपला वाटा विकायला काढला. साळा बघायला गेला तर त्या भावानं डांबरी रस्त्याला लागून असलेला तुकडा दाखवला. काळी जमीन, बांधलेली विहीर, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोन सागवानं. "विहीर आपलीच आहे भाऊ, पानी बम आहे." खसरा पाहिला, नाव बरोबर. बी-1 पाहिली, क्षेत्र बरोबर. ऋण पुस्तिका हातात. रजिस्ट्री झाली, नामांतरणही झालं. साळ्यानं पहिल्याच पावसाळ्यात दोन एकरांत संत्र्याच्या 220 कलमा लावल्या.

दिवाळीत थोरला भाऊ पुण्याहून गावी आला आणि सरळ म्हणाला, हा तुकडा माझा आहे. साळ्यानं कागद दाखवले. त्यानंही दाखवले. दोघांचे खरे. कारण कागदावर वाटा होता, पण नकाशात 112 नंबर अख्खाच्या अख्खा होता, आत एकही रेघ नव्हती. याला तिकडे नक्शा तरमीम न होणं म्हणतात. वाटा किती हे लिहिलेलं असतं, वाटा कुठला हे कुठेच काढलेलं नसतं. शेवटी पटवारी (आपला तलाठी) आणि आर.आय. (महसूल निरीक्षक) आले, भावाभावांचे जुने जबाब निघाले, तरमीम झाली आणि 112/2 निघाला मागे, नाल्याच्या काठाला. रस्ता नाही. विहीर थोरल्याच्या हिश्श्यात. पुढच्या जूनमध्ये आम्ही चौघांनी त्या कलमा मुळाच्या मातीसकट उपटून मागे नेल्या. निम्म्याही जगल्या नाहीत. विहिरीतला अर्धा हिस्सा आणि दहा फुटांची वाट वेगळे पैसे मोजून घ्यावी लागली. त्या रात्री साळ्याची बायको जेवली नाही, तेवढं मला आठवतं.

म्हणून माझी पद्धत अशी आहे. जमिनीवर पाय ठेवायच्या आधी नकाशाची नक्कल हातात घ्यायची. खसऱ्याला बटा असेल आणि नकाशात तो बटा दिसत नसेल, तर मालकाला एवढंच सांगायचं, आधी तरमीम करून आणा, मग बोलू. महिने लागतात. लागू द्या. जो म्हणतो की नंतर होऊन जाईल, त्याच्याकडे परत जायचं नाही. तरमीम झाली की सीमांकनाचा अर्ज मालकाकडूनच करवून घ्यायचा आणि पंचनाम्यावर चारही शेजाऱ्यांच्या सह्या पाहायच्या. मी तर मालकाबरोबर धुरा फिरतच नाही. शेजाऱ्याबरोबर फिरतो. एकेका शेजाऱ्याला विचारतो, तुमचं कुठं संपतं? चौघांची उत्तरं जुळली की मगच पुढची गोष्ट.

कैफियतीचा रकाना न वाचणं

खसऱ्यात शेवटी कैफियत म्हणून रकाना असतो. लोक नाव आणि क्षेत्र वाचतात आणि कागद घडी करून खिशात घालतात. त्या रकान्यात "अहस्तांतरणीय" लिहिलेलं असू शकतं, म्हणजे ती सरकारी पट्ट्याची जमीन आहे आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. जुन्या नोंदीत "छोटे झाड का जंगल" किंवा "बडे झाड का जंगल" निघालं तर सरळ मागे फिरा. आपल्याकडे झुडपी जंगलाच्या नोंदीनं काय केलं हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बँकेचा बोजाही इथेच दिसतो.

आणि आदिवासींची जमीन. छिंदवाडा जिल्ह्यातल्या तामिया, हर्रई या भागांत जमीन अजून स्वस्त का वाटते, याचं उत्तर त्यातच आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम 165 प्रमाणे अधिसूचित क्षेत्रात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घेताच येत नाही, आणि बाकी ठिकाणी कलेक्टरची परवानगी लागते. "आपण दुसऱ्याच्या नावानं करून देऊ" असं सांगणारे दलाल दर आठवड्याला भेटतात. गोंड माणसाच्या हातातली शेवटची दोन एकरं अशा चोरवाटेनं काढून घेणं हे पाप आहे असं मी मानतो आणि तोंडावर सांगतो. कायदाही ती जमीन त्याला परत देववतो, हा वेगळा भाग.

काही लहान चुका, पण महाग पडणाऱ्या:

डिसमिल म्हणजे आर नव्हे. एकराचे 100 डिसमिल होतात आणि आर होतात 40. "ऐंशी डिसमिल" ऐकून दोन एकर समजणारे मी पाहिले आहेत. ते 32 आर आहे, एकरापेक्षाही कमी.

इसार दिलात तर लेखी द्या. बयाना रोख देऊन पान खाऊन परत येऊ नका.

रेडीरेकनरला तिकडे कलेक्टर गाइडलाइन म्हणतात आणि सिंचित-असिंचितचे दर वेगळे असतात. खर्चाचा अंदाज त्यावर करा, दलालाच्या तोंडी हिशोबावर नको.

पांदण पावसाळ्यात पाहा. मे महिन्यात सगळ्याच पांदणी चांगल्या असतात.

विहीर दिवाळीत पाहणं

माझं स्वतःचं नुकसान इथे झालं. मी नोव्हेंबरात जमीन पाहिली. विहीर काठोकाठ होती, हात घातला तर पाणी लागत होतं. मालकानं पंप चालू करून दाखवला, तीन इंची पाइपातून धार पडली आणि माझं मन भरलं. पुढच्या मे महिन्यात त्याच विहिरीत दोरीला दगड बांधून सोडला तर तळाशी दोन हात पाणी. पंप वीस मिनिटांत हवा ओढू लागायचा. मग चार-चार तास वाट पाहायची आणि पुन्हा वीस मिनिटं. त्या उन्हाळ्यात मी टँकर लावले.

चूक विहिरीची नव्हती. नोव्हेंबरात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात, तो पावसाचा साठा असतो. विहीर किती भरली आहे हे पाहायचंच नसतं, उपसल्यावर किती वेळात भरते हे पाहायचं असतं. तिकडे जमीन थोड्या थोड्या अंतरावर बदलते, कुठे आपल्यासारखा काळा पाषाण, कुठे त्याहून जुना खडक. शेजाऱ्याच्या विहिरीला झरा आहे म्हणून तुमच्या विहिरीला असेलच असं नाही. आता मी कोणासाठीही जमीन पाहायला जातो तो एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये. सकाळी पंप लावून विहीर पूर्ण उपसायची, घड्याळ पाहायचं आणि झाडाखाली डबा सोडून बसायचं. संध्याकाळी पुन्हा दोरी सोडून पाणी किती चढलं ते मोजायचं. एक अख्खा दिवस जातो. "एवढा वेळ कुठून आणू भाऊ" असं म्हणणाऱ्याला मी सोबत नेत नाही.

संत्रा लावायचा असेल तर हिशोब तोंडपाठ ठेवा. सहा बाय सहा मीटरवर एकरी साधारण 110 झाडं बसतात. मोठं झाड भर उन्हाळ्यात ठिबकवर रोजचं शंभर लिटरच्या वर मागतं. म्हणजे एकरी रोज अकरा हजार लिटर. आता तुमच्या विहिरीची संध्याकाळची दोरी आठवा. "बोअर मारून देतो" हे आश्वासन आहे, पाणी नाही.

माती पाहायची तीही अशीच, सावकाश. वरून हात फिरवून काळी आहे म्हणू नका. मीटरभर खड्डा खणा. खाली पांढरट चुनखडी लागली तर संडास धुवायच्या अॅसिडचे दोन थेंब टाका. फसफसून फेस आला की चुना आहे. फेस जोरात आला तर त्या जागेवर मी संत्रा लावत नाही, तूर-हरभरा घेतो. नमुना तपासायला द्याच. नागपूरला अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था असताना कृषी केंद्राच्या काउंटरवर सल्ला घेणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

इथलं सगळं विकून जाणं

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला खरेदीदार शेतकरी असावा लागतो. मध्य प्रदेशात ती अट नाही, त्यामुळे जाताना कोणाच्या लक्षात येत नाही. इथला शेवटचा गुंठा विकला की तुमच्या नावाचा सातबारा उरत नाही, आणि उद्या परत यायचं झालं तर दारातच अडकू शकता. म्हणून मी वडिलोपार्जित वीस आर ठेवले आहेत. त्यात चार आंबे आहेत आणि विहिरीवर आईनं लावलेली तुळस आहे. ते विकणार नाही.

आयकराचंही इथेच बघा. नागपूर महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत आठ किलोमीटरच्या आतली शेती विकली तर नफ्यावर कर लागू शकतो. विकण्याआधी दोन वर्षं ती कसलेली असेल आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर त्या रकमेपुरती सूट मिळते. तोवर पैसे विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेच्या भांडवली नफ्याच्या खात्यात ठेवावे लागतात आणि नवी जमीन तीन वर्षं विकायची नसते. सीएकडे इसाराच्या आधी जा. रजिस्ट्रीनंतर गेलात तर तो फक्त कराचा आकडा सांगू शकतो.

घरच्यांचं बिऱ्हाडही लगेच हलवू नका. मुलगी किंवा मुलगा डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर तर नाहीच. महाराष्ट्राच्या मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून लागते. नागपूर-सौसर रस्ता दोन तासांच्या आतला आहे. माझी मुलं सावनेरला शिकली, मी जात-येत राहिलो.

ट्रॅक्टर एमएच 40 चा आहे म्हणून वर्षानुवर्षं तसाच चालवता येत नाही. बारा महिन्यांच्या वर तिकडे ठेवायचा तर आरटीओची ना-हरकत घेऊन तिथला नंबर घ्यावा लागतो. बैल मात्र मी इथेच ओळखीच्या कास्तकाराला देऊन गेलो आणि तिकडे नवी जोडी घेतली. न्यायचेच असतील तर पशुवैद्यकाचा दाखला आणि मालकीचा कागद गाडीत ठेवा.

गिरदावरीत तुमचं पीक चढलं का ते स्वतः पाहा. हमीभावाच्या विक्रीला तीच नोंद पाहतात.

आणि जुन्या बागेतल्या कलमा मुळाच्या मातीसकट नेऊ नका. डिंक्या रोग त्याच मातीतून जातो. नव्या जमिनीत पहिली दोन वर्षं मका, तूर, हरभरा घ्या, पाणी कुठे साचतं आणि रानडुक्कर-रोही (नीलगाय) कुठून येतात ते कळू द्या. मी तिसऱ्या वर्षी जंबेरी खुंटावरच्या कलमा लावल्या, कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर वर राहील अशा. मागच्या आंबिया बहाराचा पहिला माल नागपूरच्या कळमना बाजारात मी स्वतः गाडीत बसून आणला. साळ्याच्या नाल्याकाठच्या बागेतलीही अकरा कॅरेट त्याच गाडीत होती.