पिल्लाचे चावणे कसे थांबले
आमचे गावठी कुत्र्याचे पिल्लू अडीच महिन्यांचे असताना सर्वांच्या हातापायांना सतत चावत असे. सुरुवातीला मी त्याच्या नाकावर चापट मारली आणि ते माझा हात दिसताच दबकू लागले. ती चूक मला आजही बोचते. मग मी पद्धत बदलली. दात लागताच, न ओरडता, खेळ थांबवून अर्धा मिनिट पाठ फिरवायची आणि त्याने दोरीचे खेळणे तोंडात धरले की त्याच क्षणी शाबासकीसह उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा, कारण बक्षीस उशिरा मिळाल्यास ते कशासाठी मिळाले हे कुत्र्याला उमगत नाही. घरातील सर्वांनी हाच नियम पाळल्यावर 3 आठवड्यांत चावणे बरेच कमी झाले. पुढे दुधाचे दात पडताना हिरड्या शिवशिवत असल्याने त्याला ओला करून गोठवलेला कापडाचा पीळ चघळायला देत असू.