चित्रातला सूड वाचताना या चुका टाळा

तलवार दिसली की सत्ता, रक्त दिसलं की सूड, कुत्रा दिसला की निष्ठा. पंधराव्या शतकातल्या नेदरलँडिश चित्रांबद्दल असं ठोकून दिलेलं वाचून आता खरंच वीट आलाय.

सगळ्यात जास्त हाल होतात ते खेरार्ट डाव्हिडच्या 'कॅम्बिसीसचा न्याय' या १४९८च्या जोडचित्राचे. उजव्या फलकावर लाचखाऊ न्यायाधीश सिसाम्नेसला मेजावर बांधून जिवंत सोलताहेत. एकाने सुरी दातांत धरलीय आणि दोन्ही हातांनी तो पायाची कातडी ओढतोय. हे दृश्य एकदा पाहिलं की दुसरीकडे नजरच जात नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. माझाही झाला होता. पुण्यातल्या एका व्याख्यानात मी फक्त हा फलक दाखवला आणि 'इराणच्या राजाचा सूड' म्हणून मोकळा झालो. कोर्टात हयात गेलेले एक आजोबा उठले. म्हणाले, "शिक्षा दाखवलीत. आरोप कुठाय?"

आरोप डाव्या फलकावर होता. मागे ओसरीत एक माणूस सिसाम्नेसला पैशांची थैली देतोय. पुढे इराणचा राजा कॅम्बिसीस त्याचे गुन्हे बोटांवर मोजतोय. मग उजव्या फलकावर परत या: लाल झगा मेजाखाली पडलाय, आणि मागच्या कोपऱ्यात तीच कातडी पांघरलेल्या आसनावर सिसाम्नेसचा मुलगा ओटानीस न्यायाला बसलाय. गोष्ट ग्रीक इतिहासकार हिरोडोटसची, पण चित्र आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरानेच करवून घेतलं आणि नगरभवनात, जिथे शहराचे पंच निवाडे करत, तिथे लावलं. राजाचा राग त्यात आहेच. पण सूड माणसाबरोबर संपतो. इथे खुर्ची शिल्लक राहते आणि तिच्यावर पुढचा बसतो. हे चित्र त्या पुढच्याला उद्देशून आहे.

तेव्हापासून माझी सवय एकच. मधला भाग तळहाताने झाकायचा आणि कोपरे आधी पाहायचे. मोबाइलवर कापलेला तुकडा पाहून अर्थ लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. आधी अख्खं चित्र पाहून या म्हणतो.

१४८८मध्ये ब्रूजकरांनी तिथल्या हाब्सबर्ग सत्ताधीशाला, मॅक्सिमिलियनला, डांबून ठेवलं होतं, म्हणून हे चित्र म्हणजे त्याने उगवलेला सूड, असंही ओढूनताणून सांगतात. चित्र कुणी करवून घेतलं एवढं विचारलं तरी यातली बरीचशी हवा निघून जाते.

लूव्हनच्या नगरभवनासाठी डिर्क बाउट्सने काढलेल्या 'सम्राट ओटोचा न्याय' या चित्रातली विधवा सूड मागत नाही. शिरच्छेद झालेल्या नवऱ्याचं मुंडकं कवेत घेऊन, तापलेलं लोखंड हातात धरण्याचं दिव्य करून ती त्याचं निर्दोषत्व सिद्ध करतेय. खोटा आळ घेणारी राणी मागे जळतेय, तीही पाहा.

ख्रिस्ती हुतात्मा संत कॅथरिनच्या हातातली तलवार तिचं शस्त्र नव्हे. तिचा वध ज्या तलवारीने झाला, ती ही.

डावं-उजवं येशूच्या बाजूने मोजा, आपल्या नाही. फ्रान्समधल्या बोन गावातल्या 'अंतिम न्याय' या चित्रात, म्हणजे जगाच्या शेवटी येशू सगळ्यांचा निवाडा करतो त्या दृश्यात, दयेची लिली त्याच्या उजवीकडे, शिक्षेची तलवार डावीकडे.

आणि अंतिम न्यायात माणसांचं पाप-पुण्य तोलणारा तराजू. प्रतीकांचा कोश आधी उघडण्याची घाई इथे हमखास नडते. बोनमध्ये रोखिर व्हान डर वायडनने पापाचं पारडं खाली दाखवलंय. पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या अंतिम न्यायात मेमलिंगने पुण्यवानाचं. 'जड तो पापी' एवढंच पाठ करून गेलात, तर ग्दान्स्कमध्ये तरलेल्यालाच नरकात धाडाल.