भाड्याच्या घराचं काम काढताय? उचल देताना हात आखडता ठेवा

सहा वर्षं झाली, पण त्या हिशोबाच्या वहीचं पान उघडलं की अजून पोटात खड्डा पडतो. धुळ्याला देवपूरमध्ये मी एक जुनं घर घेतलं, खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, कॉलेजं जवळ असल्यामुळे भाडेकरूची चिंता नाही. खालचे ६,५०० आणि वरचे ५,५००, म्हणजे महिन्याला १२ हजार येतील असा हिशोब होता. तेव्हा माझी नोकरी जळगावला, अंतर साधारण नव्वद किलोमीटर, म्हणजे रविवार सोडला तर साइटवर जाणं नाही. घर कसं शोधायचं, लोन कसं करायचं हे तुम्हाला माहीत असेलच, त्यावर मी काही लिहित नाही. मला जिथे मार बसला तेवढंच लिहितो, आणि ते जरा लांबवून लिहिणार आहे.

घराच्या दुरुस्तीची दोन कोटेशन आली होती. एक ३ लाख ६० हजारांचं, एक ३ लाख २० हजारांचं, दोन्ही मटेरियलसकट. चाळीस हजार वाचतात म्हटल्यावर मी दुसरं नीट न वाचताच ओके केलं. कागद एकच पान, त्यावर लिहिलेलं ‘संपूर्ण रिपेअरिंग, प्लास्टर, फरशी, संडास-बाथरूम, रंग’. कुठली फरशी, किती स्क्वेअर फूट, पाइप कोणत्या कंपनीचा, जुन्या चौकटी ठेवायच्या की बदलायच्या, काही नाही. पहिला माणूस महाग होता कारण त्याने चार पानं लिहून दिली होती, हे मला नंतर कळलं.

आता उचल. जानेवारीत काम सुरू झालं तेव्हा ८० हजार बयाणा दिला. मग बाजाराच्या दिवशी फोन, ‘मजुरांचा बाजार करायचाय भाऊ’, दिले ६०. मग फरशी बुक करायचीय, आत्ता नाही घेतली तर रेट वाढेल, दिले ५०. मग होळीच्या आधी परत ५०. झाले २ लाख ४० हजार, म्हणजे ठरलेल्या पैशातले बारा आणे गेले. आणि काम? तोडफोड झालेली, पाइप टाकलेले, खालच्या मजल्याचं प्लास्टर झालेलं, बस. नंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रीला नेऊन मापं काढली तर तो म्हणाला, फार फार तर १ लाख ४० हजाराचं काम आहे. म्हणजे माझे जवळजवळ एक लाख रुपये त्याच्याकडे कामाच्या पुढे पळत होते.

होळी आली. बिगारी सगळे शिरपूर तालुक्यातल्या पाड्यांवरचे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, सातपुड्यात होळी म्हणजे आपल्या दिवाळीपेक्षा मोठी, आठवडाभर आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, ढोल, पावरी, खरेदी, बाहेर कामाला गेलेली माणसं कुठूनही घरी येतात. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, वर्षाचा सण आहे. चूक माझी, की सणाच्या चार दिवस आधी पन्नास हजार दिले आणि वर म्हणालो ‘पण काम थांबायला नको हं’. माणसं गेली ती गेली. ठेकेदाराला फोन केला की ‘सकाय येस ना भाऊ’. आमच्याकडे सकाय म्हणजे सकाळ पण आणि उद्या पण, त्यामुळे खोटं बोलला असं पण म्हणता येत नाही.

मला वाटत होतं तो पळाला. तो पळाला नव्हता. साक्री रोडला दुसऱ्या एका साइटवर रोज सकाळी आठला हजर होता. आणि इथेच ती खरी गोम आहे, नीट समजून घ्या, कारण मला समजायला चार महिने लागले. छोट्या ठेकेदाराकडे स्वतःचं भांडवल नसतं. तुमच्या बयाण्यातून तो आधीच्या मालकाची उरलेली फरशी बसवतो, तुमची फरशी पुढच्याच्या बयाण्यातून बसणार असते. याची टोपी त्याला. तो वाईट माणूस असेलच असं नाही, धंदाच तसा चालतो. पण ज्या दिवशी तुमचे पैसे कामाच्या पुढे गेले त्या दिवशी तुमच्या साइटवर यायचं त्याला काही कारणच उरत नाही. तुमच्याकडून येणं आहे फक्त ८० हजार, आणि त्यासाठी करायचं काम आहे पावणेदोन लाखाचं. तुम्ही त्याच्या जागी असता तर कुठे गेला असता? मी पण साक्री रोडलाच गेलो असतो.

म्हणून ‘ठेकेदार चांगला आहे का’ हा प्रश्न नंतरचा. आज काम थांबलं तर कोण कोणाचं देणं लागतं, हा पहिला. रोज रात्री झोपताना हा एक प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर ‘मी त्याचं देणं लागतो’ असं असेल तर शांत झोपा. ‘तो माझं काम देणं लागतो’ असं असेल तर त्याचा स्वभाव, ओळख, गाववाला असणं, आईची शपथ, यातलं काही उपयोगाचं नाही. मला कुणी हे सांगितलं असतं तर... जाऊ द्या.

आणि अजून एक, शेवटचं काम नेहमी किरकोळ पैशाचं असतं. नळ लावणं, दाराला कडी, सांधे भरणं, फरशीवरचे सिमेंटचे डाग काढणं, मोटरचं कनेक्शन. मजुरी बघितली तर पाच-सात हजार. पण ते झाल्याशिवाय भाडेकरू येत नाही. त्यामुळे शेवटी हातात पाच-सात हजारच ठेवले तर त्यासाठी कोण येणार, मोठी रक्कम अडकलेली पाहिजे.

माझं काम मार्चअखेर संपणार होतं, संपलं जुलैअखेर, तेही दुसऱ्या मिस्त्रीकडून. चार महिन्यांचं भाडं ४८ हजार बुडालं. कोटेशनमध्ये वाचवलेले ४० हजार तिथेच गेले, वर दुसऱ्या मिस्त्रीचा खर्च वेगळाच. कोटेशन कंपेअर करताना रिकाम्या महिन्यांचं भाडं त्यात मिळवा. कोणी करत नाही, मी पण केलं नव्हतं.

घाबरू नका, दुसरं घर मी नीट केलं. अमळनेरला केलं, आणि तिथे मटेरियल माझं, ठेका फक्त मजुरीचा, ९० हजार. ते असं तोडलं: तोडफोड आणि मलबा उचलणं झालं की ८ हजार, पाइपलाइन आणि लाइटच्या झिऱ्या (भिंतीतल्या खाचा) झाल्या की १५, प्लास्टर आणि कोब्याला (सिमेंट-खडीच्या थराला) २२, फरशीला २०, रंगाला १०, आणि शेवटचे १५ हजार सगळं फिटिंग होऊन एक चांगला पाऊस पडल्यावर. बयाणा शून्य. मिस्त्री म्हणाला असं कोणी करत नाही. मी म्हटलं ठीक आहे, बयाणा नाही, पण टप्पा संपला की त्याच संध्याकाळी पैसे, दुसऱ्या दिवसावर ढकलणार नाही. आणि ते पाळलं. बाजाराला दोन-चार हजार लागले तर द्यायचे, मजुराचं पोट हातावर असतं, पण ते त्याच आठवड्यात झालेल्या कामातले आणि वहीत सहीसकट.

मटेरियल स्वतः आणणं कटकटीचं आहे, मान्य. वाळूत माती किती आहे ते बाटलीत पाणी घालून हलवून बघा, दोन तास ठेवा, वर मातीचा जाड थर बसला तर गाडी परत पाठवा. सिमेंट आठवड्याला लागेल तेवढंच आणा. पण फायदा असा की मिस्त्री सोडून गेला तरी माल तुमचाच राहतो.

माणूस शोधायचा कसा? सगळे सांगतात हार्डवेअरवाल्याला विचारा. मी विचारलं होतं, त्यानेच तो पहिला ठेकेदार दिला. नंतर कळलं की ठेकेदाराकडे दुकानदाराची जुनी उधारी थकलेली होती, आणि माझ्या कामातून ती वसूल झाली. दुकानदाराने वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही, पण त्याने सुचवलेला माणूस त्याच्या सोयीचा पण असू शकतो. मी आता दोन लोकांना भेटतो: ज्याचं काम दोन वर्षांपूर्वी झालं त्याला, कारण ओल, भेगा, पोकळ वाजणारी फरशी दोन पावसाळ्यांनंतरच दिसते, आणि ज्याचं काम आत्ता चालू आहे त्याला. चालूवाल्याला एकच विचारायचं, गेल्या पंधरा दिवसांत किती दिवस माणसं आली. काम कसं करतो हे त्याला विचारू नका, त्याला अजून माहीत नसतं.

शिकायचं कोणाकडून म्हणाल, तर रील्सवरच्या ‘झोपेत भाडं कमवा’वाल्यांनी एकदा तरी मे महिन्यात धुळ्याला गच्चीवर कोब्याला पाणी मारून बघावं, झोप उडेल. माझा मेव्हणा सिव्हिल इंजिनिअर आहे, त्याने पण फोनवर खूप सल्ले दिले, सगळे बरोबर होते, एकदाही साइटवर आला नाही. मला खरं शिकवलं त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने, टेप धरून. त्याला मापं काढायचे पाचशे रुपये दिले होते, माझ्या आयुष्यातली सगळ्यात स्वस्त फी.

खान्देशात काम कधी काढायचं, तर माझ्या मते दिवाळीनंतर लगेच. आपल्याकडे होळीला बिगारी जातात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळंच गाव सैल होतं, त्यात लगीनसराई, आणि एप्रिल-मेच्या उन्हात प्लास्टर सकाळी केलं की दुपारी पांढरं पडतं. कॉलेजच्या पोरांसाठी घर जूनच्या आत तयार पाहिजे म्हणून लोक नेमकं मेमध्ये काम काढतात. नळाला पाणी रोज नसतं, टँकर लागतो, मिस्त्री म्हणतो दोन दिवस मारलं पाणी, खूप झालं. खूप नाही झालं. आजकाल बहुतेक गोण्या पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या असतात, त्याला निदान दहा दिवस ओल पाहिजे. कोब्यावर गोणपाट अंथरा आणि पाणी मारायला शेजारचं एखादं पोरगं लावा, रोजचे थोडे पैसे द्या, ठेकेदाराच्या भरवशावर सोडू नका.

बाथरूमचं एकच सांगतो. फरशी बसायच्या आधी जाळी बुच लावून बंद करा, पाणी भरा, ४८ तास ठेवा, आणि खालच्या खोलीच्या छताला स्वतः हात लावून बघा. फोटोवर विश्वास नको. मला व्हॉट्सअ‍ॅपवर कोरड्या छताचा मस्त फोटो आला होता, तो शेजारच्या खोलीचा होता. आणि काळ्या मातीवरचं घर असेल तर भिंतीच्या बारीक भेगा उन्हाळ्यात उघडतात आणि पावसात मिटतात, नुसती पुट्टी फासून घेऊ नका.

बिलं पक्की घ्या, पण कशासाठी ते समजून घ्या. भाड्याच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्समध्ये सरसकट ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीला तुम्ही रुपया घाला नाहीतर लाख, वेगळी बिलं तिथे चालत नाहीत. पण घरात मोठी सुधारणा केली असेल, वरचा मजला बांधला वगैरे, तर घर विकताना ती बिलं कामी येतात. आणि काम झाल्यावर भाडेकरार रजिस्टर करा, महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. नवीन नळ, गीझर, पंखे यांची यादी फोटोंसकट करारालाच जोडा.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी आत्ता अडकलेलं असणार, मला माहितीये. भांडू नका आणि धमक्या देऊ नका, आणि मुख्य म्हणजे ‘अजून वीस दिले की सुरू करतो’ याला बळी पडू नका, मी पडणारच होतो, बायकोने फोन हातातून काढून घेतला. तिसऱ्या माणसाकडून झालेल्या कामाची मापं काढा, कागदावर दोन रकाने करा, दिलेले आणि झालेलं, आणि त्याला घरी चहाला बोलवा. माझा ठेकेदार आला. कागद बघून बराच वेळ गप्प बसला. पैसे परत देणं त्याला शक्यच नव्हतं. मग असं ठरलं की वरच्या मजल्याची फरशी, जी त्याने खरंच बुक केली होती, ती माझ्या नावावर करून द्यायची, किल्ली परत, सही, आणि विषय बंद. लाखातले साधारण साठ हजार त्यातून वसूल झाले, बाकीचे सोडले. जाताना तो दोन गोण्या सिमेंट पण ठेवून गेला, म्हणाला तुमच्याच आहेत. जिन्याखाली पडून त्या केव्हाच दगड झाल्या होत्या. त्यावर बसून वरचा भाडेकरू रोज बुटाच्या लेस बांधतो.