पुराआधी गोठ्याची तयारी: कडबा आधी, म्हशी मागनं

जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज. निपाणी भागातल्या यातला एखादा पूल पाण्याखाली गेला की वेदगंगा-दूधगंगेकाठची माणसं गोठ्याकडं धावतात आणि आधी म्हशी सोडतात. म्हैस आपल्या पायांनी माळावर चढते, कडबा चढत नाही. म्हणून पहिली ट्रॉली वाळक्या चाऱ्याची. तीही पूल जायची वाट न बघता, मिरगाच्या आत.

हिशेब सोपा आहे. मोठ्या जनावराला दिवसाला 6-7 किलो वाळका चारा लागतो, तोही तग धरण्यापुरता. पाणी आठ दिवसांत उतरलं तरी बांधावरचं गवत गाळानं माखलेलं असतं, म्हणून 15 दिवस धरा. जनावरामागं एक क्विंटल झाला. पेंढ्या मोजू नका, दोन-चार पेंढ्या काट्यावर टाकून अंदाज घ्या, कारण पेंढीचं वजन बांधणाऱ्याच्या हातावर असतं. कडबा कमी असेल तर पिंजर म्हणजे भाताचा पेंढा, भुईमुगाचा वाळका वेल, हरभऱ्याचा भुसा, काहीही चालेल, फक्त वाळकं पाहिजे. माळावरच्या पाहुण्यांचं शेड, भावकीतल्या कुणाचं पत्र्याचं घर आत्ताच बोलून ठेवा. जमिनीवर थेट रचू नका. खाली दगड आणि फळ्या टाका, वरून ताडपत्री घाला, बाजू मोकळ्या ठेवा. चारही बाजूंनी गुंडाळलेला कडबा आतून घामेजतो, बुरशी धरतो आणि बुरशीचा कडबा गाभण म्हशीला घातला तर गाभ जाऊ शकतो.

तिकडं चारा मिळेलच की, असं म्हणणारे भेटतात. मिळतो, पण कसला? उसाचं वाडं. नुसत्या वाड्यावर जनावर ठेवलं तर त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, दूध आटतं, ताजी व्यालेली म्हैस बसून राहते. शिवाय गंजी केंद्रावर, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रावर, मदतीला आलेले लोक प्रेमानं शिळा भात, चपात्या, भिजवलेली ज्वारी पुढं करतात. ते पोटात आंबतं, रवंथ थांबतो आणि एका रात्रीत धडधाकट म्हैस आडवी होते. पोटातल्या जिवाणूंना नवा चारा अंगवळणी पडायला दोनेक आठवडे लागतात आणि पूर तेवढी सवड देत नाही. रोजचा ओळखीचा कडबा निम्मा तरी पोटात गेला तर उरलेलं वाडं पचतं. सोबत जनावरामागं रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 30 ग्रॅम मीठ, त्याच्या पुड्या कडब्याबरोबरच पाठवा. कडब्याबरोबर म्हणजे कडबा पाठवायचाच आहे, हे परत सांगतोय.

लसी मे महिन्यात. घटसर्प आणि फऱ्या, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषार. लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळं पाणी अंगणात आल्यावर डॉक्टरला फोन करून उपयोग नाही. लाळ्या-खुरकूतची फेरी चुकली असेल तर तीही भरून घ्या, केंद्रावर दहा गावांची जित्राबं एका दावणीला येतात. कानातला 12 आकडी बिल्ला पडला असेल तर नवा मारून घ्या, नंबर आणि जनावराचा दोन्ही बाजूंनी फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बिल्ल्याशिवाय नुकसानभरपाईच्या वेळी तलाठ्यापुढं ही म्हैस माझीच, हे पटवत बसावं लागतं.

साखळ्या काढा. पावसाळाभर गोठ्यात साखळी नको, सुती दावं हवं. तेही एका ओढीत सुटेल अशा गाठीचं, कारण साधी गाठ भिजून आवळली की हातानं सुटत नाही. मेढीला डोक्याच्या उंचीवर एक विळा कायम अडकवलेला असू द्या. हलवायला उशीर झालाच तर दावी कापून मोकळं सोडा. मोकळी म्हैस पोहून वाचू शकते, बांधलेली जागेवर बुडते.

हलवताना गाभण आणि वासरं-रेडकं आधी, तेही दिवसाउजेडी. ट्रॉलीत पिंजराचा जाड थर टाका, नुसत्या पत्र्यावर घसरून मांडी फाटली तर ते जनावर पुन्हा उठत नाही. चढवायला बांध किंवा उंचवटा बघा. म्होरकी आणि जास्तीचं दावं प्रत्येकाचं वेगळं. आणि ट्रॉली तिकडं जातेच आहे, तर मोकळ्या कोपऱ्यात कडबा कोंबा. आधी नेलेला पुरेल असं वाटतं, पुरत नाही.

पाणी माणशी नव्हे, म्हशीमागं रोज 50-60 लिटर. नदीचं नको, बोअरचं.

तिथं रोज पेंढी उचलण्याआधी काठीनं ढोसा, पुरात साप कोरडी जागा शोधत तिथंच येतात. खुरं चिखलात राहिली तर बेचक्यात सडतात, संध्याकाळी पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं धुवा. डाव्या कुशीवर फुगवटा दिसला, रवंथ बंद झाला तर जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या मदत क्रमांकाला फोन करा. तोंड वर ओढून काढे पाजू नका, श्वासनळीत गेलं की न्यूमोनिया होतो.

कुत्र्याला रेबीजची लस आणि पट्टा, मांजराला झाकणाचं क्रेट, कोंबड्यांना डालगं. मागं ठेवायचंच असेल तर निदान बांधून जाऊ नका.

परतल्यावर आधी मोटर-स्टार्टरची वायर तपासून घ्या, ओल्या गोठ्यात करंट उतरतो. गाळ काढा, चुना मारा, भिजलेली पेंड उकिरड्यावर टाका, वाळवून घालू नका. पंधरवड्यानं चपट्या जंतांचं औषध डॉक्टरला विचारून द्या, दलदलीतल्या गोगलगायींमुळं ते वाढतात. मेलेलं जनावर पंचनाम्याआधी पुरू नका. उरलेला कडबा माळावरच राहू द्या, दुसरं पाणी ऑगस्टअखेरही येतं.