डिपॉझिटचा वाद दावा न लावता लोकअदालतीत कसा मिटवावा

जागा सोडून महिने उलटले तरी घरमालक रंगकामाचे कारण पुढे करून डिपॉझिट अडवून बसला, की ‘आधी वकिलाची नोटीस ठोका’ हा सल्ला पुण्यात हमखास मिळतो. तो मला मुळीच पटत नाही. जळजळीत नोटीस गेली की समोरचाही हट्टाला पेटतो. त्यापेक्षा शिवाजीनगर येथील जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, वाद लोकअदालतीत ठेवण्यासाठी, दावापूर्व (म्हणजे दावा लावण्याआधीचे) प्रकरण म्हणून अर्ज द्यावा. करार आणि पैसे दिल्याचा पुरावा जोडावा. कोर्ट फी लागत नाही. समोरचा आलाच नाही तर दाव्याचा मार्ग मोकळा असतो. मात्र वसुलीच्या दाव्याची ३ वर्षांची मुदत या अर्जाने थांबली, असे गृहीत धरू नये.

खरी गोम आहे ती तडजोडीच्या मसुद्यात. लोकअदालतीच्या पॅनेलसमोर दोघांचे आकड्यावर जमले की सगळ्यांनाच उठण्याची घाई होते आणि ‘वाजवी खर्च वजा जाता उर्वरित रक्कम लवकरच दिली जाईल’ असले वाक्य कागदावर उतरते. अशा वाक्याखाली सही करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार अशा तडजोडीवरचा लोकअदालतीचा निवाडा हा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. पुढे वसुलीची दरखास्त (निवाड्याची अंमलबजावणी करून घेण्याचा न्यायालयातला अर्ज) करावी लागली, तर न्यायालय निवाड्यात लिहिलेल्या शब्दांपलीकडे जात नाही, आणि ‘वाजवी’ म्हणजे किती हे तिथे कोणी ठरवून देत नाही. ६०,००० रुपयांतून रंगाचे ८,००० वजा करायचे ठरले असेल, तर ‘५२,००० रुपये’ असे अंकी आणि अक्षरी लिहून घ्यावे. त्यापुढे तारीख, बँक खाते, उशीर झाल्यास व्याजाचा दर आणि हप्ते ठरले असतील तर एक हप्ता चुकला तरी उरलेली सर्व रक्कम एकदम देय होईल ही अट हवीच. चेक मिळणार असेल, तर तो वटल्यावरच रक्कम पोचली असे धरले जाईल, हेही नोंदवावे. करारात पती-पत्नी दोघेही मालक असतील, तर एकट्या पतीच्या सहीवर समाधान मानू नये. ‘आता कशाला एवढा कीस पाडता?’ असे कोणीतरी म्हणतेच, म्हणू द्यावे. अटी पटल्या नाहीत तर सही करण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही.

निवाड्याची प्रमाणित प्रत ताब्यात घ्यावी. पैसे ठरल्या तारखेला आले नाहीत, तर नवा दावा न लावता त्याच प्रतीवर दरखास्त दाखल करता येते.