जुन्या स्पोर्ट्स कारचं ब्रेक कॅलिपर अडकतंय? आधी निपल उघडून बघा

गाडी एका बाजूला ओढतेय, चालवून आल्यावर एकच चाक जास्त तापलंय, जळकट वास येतोय, म्हणजे बहुतेक कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकलंय. पण लगेच नवीन कॅलिपर मागवू नका प्लीज!

गाडी जॅकवर घेऊन स्टँड लावा, ब्रेक दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. जड फिरलं तर त्या कॅलिपरचं ब्लीड निपल (फ्लुइड आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) थोडंसं उघडा. फ्लुइड जोरात आलं आणि चाक लगेच मोकळं झालं तर कॅलिपर बिचारं ठीक आहे, प्रेशर मागे अडकतंय, आणि जुन्या गाडीत बऱ्याचदा कॅलिपरला फ्लुइड नेणारा रबरी होज आतून फुगून बंद झालेला असतो, बाहेरून एकदम चांगला दिसतो म्हणून कोणी बघतच नाही. होज बदला, दोन्ही बाजूचे.

निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) किंवा स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतं ती पिन) जाम आहे. पिन काढून गंज साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस अजिबात नको, त्याने रबर फुगतं आणि पिन परत अडकते. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर पॉलिश करत बसू नका, पिस्टन आणि सील नवीनच टाका. मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेक असेल तर पिस्टन बहुतेक वेळा फिरवत आत घालावा लागतो, नुसता दाबला तर आतली यंत्रणा तुटू शकते. शेवटी नवीन फ्लुइड भरून नीट ब्लीड करा (निपलमधून आतली हवा काढा) आणि पेडल कडक लागेपर्यंत गाडी हलवू नका.