ब्राऊन स्क्रब रॉबिन दिसत नाही? या चुका टाळा

दक्षिण आफ्रिकेला निघालेले आपल्याकडचे बहुतेक पक्षीप्रेमी आधी क्रूगर राष्ट्रीय उद्यान गाठतात आणि ब्राऊन स्क्रब रॉबिन हा लहानसा, तपकिरी पक्षीही तिथेच शोधू लागतात. क्रूगरच्या मोकळ्या, काटेरी रानात भेटतो तो याचा भाऊबंद, छातीवर गडद रेघा असलेला व्हाइट-ब्राउड स्क्रब रॉबिन. ब्राऊन स्क्रब रॉबिनला दाट सावलीचं जंगल लागतं. त्यासाठी क्वाझुलू-नताल प्रांतातलं सेंट लुसिया, म्तुन्झिनी किंवा एशोवेजवळचं ड्लिन्झा जंगल निवडा.

ड्लिन्झाला गेलात की सगळे झाडांच्या शेंड्यांमधून जाणाऱ्या लाकडी पुलावर चढतात. तिथला २० मीटरचा मनोरा कबुतरं पाहायला उत्तमच आहे, पण हा पक्षी जमिनीवर पालापाचोळा उलटून किडे टिपत फिरतो. खालच्या पायवाटेवरच थांबा.

चालत राहणं हीदेखील चूकच. पावलांची चाहूल लागताच तो झुडपात शिरतो आणि मग हलत नाही. जाळीच्या कडेला, जिथे पानं वाळलेली आहेत तिथे बसून राहा. पाचोळ्याची खसखस ऐकू आली की दुर्बिणीची घाई नको; आधी नुसत्या डोळ्यांनी जागा हेरा.

वेळ चुकली तर मात्र काहीच हाती लागत नाही. तो गातो मुख्यतः उजाडण्याआधी आणि दिवेलागणीला. नाश्ता करून नऊ वाजता निघणाऱ्याला जंगल मुकं वाटतं ते यामुळेच. पण सेंट लुसियात अंधारात एकट्याने पायवाटेवर जाऊ नका. तिथे पाणघोडे रात्री गावात आणि रस्त्यांवर चरायला येतात, पहाटे परततात. स्थानिक गाईड सोबत घ्या, नाहीतर राहत्या जागेच्या आवारातूनच कान द्या. माझ्या मते गाईडवर केलेला खर्च इथे सगळ्यात सार्थकी लागतो.

आवाज ऐकला म्हणजे पक्षी तोच, असंही नाही. याच जंगलातला केशरी पोटाचा रेड-कॅप्ड रॉबिन-चॅट नकला करण्यात पटाईत आहे. ब्राऊन स्क्रब रॉबिनची शीळ बारीक, उंच पट्टीतली, किंचित उदास असते. पक्षी दिसल्यावरच नोंद करा. आकाराने आपल्या दयाळाएवढा, वरून मातकट तपकिरी, ठळक पांढरी भुवई, पंखावर पांढऱ्या खुणा आणि शेपटीची टोकं पांढरी. कुशी तांबूस दिसल्या तर तो बिअर्डेड स्क्रब रॉबिन. उत्तर झुलुलँडमध्ये, म्हणजे क्वाझुलू-नतालच्या उत्तर भागात, ही गफलत हमखास होते.

फोटो हलत असेल तर फ्लॅश लावू नका. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० किंवा त्याहून वर न्या, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास ठेवा आणि लेन्स गुडघ्यावर टेकवा. फोटोत थोडे दाणेदार ठिपके आले तरी चालतात.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर ओढणं मला अजिबात मान्य नाही. तो हद्द राखणारा पक्षी आहे. प्रतिस्पर्धी आला असं समजून खाणं सोडून धावत येतो, आणि विणीच्या दिवसांत हा वेळ पिलांच्या वाट्याचा असतो. ऑक्टोबरपासून पुढे जात असाल तर जास्तच जपा. चोचीत किडा धरून तो एकाच जागी तुटक आवाज करत राहिला, तर घरटं जवळच्या एखाद्या ढोलीत किंवा खुंटात आहे असं समजा आणि आल्या वाटेने मागे फिरा.